वाचनयंत्र बदलतांना



दोन महिन्यांपूर्वीं आमच्या घरांत एक लहानसें स्थलांतर झालें. माणसें जागच्या जागीं राहिलीं. हलवायचीं होतीं तीं केवळ पुस्तकें. नऊ वर्षें वापरांत असलेल्या ई-रीडरची बॅटरी थकली, म्हणून मीं दुसऱ्या एका कंपनीचा ई-रीडर घरीं आणला. जुन्या कपाटांतील पुस्तकें काढून नव्या कपाटांत लावावीं, इतकेंच तें काम, अशी माझी भाबडी समजूत होती. पण पुस्तकें कपाटाबाहेर पडेनात! तेव्हां मला प्रथमच प्रश्न पडला, कीं हीं पुस्तकें मीं विकत घेतलीं म्हणजे नेमकें काय घेतलें?

यंत्रांत म्हणाल तर फारसा फरक नाहीं. बहुतेक ई-रीडरांचा पडदा एकाच जातीचा असतो. केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या आणि त्यांत काळे नि पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यानें काळे कण वर आले कीं अक्षर उमटतें. उमटलेलें पान तसेंच राखण्यास वीज लागत नाहीं. ती लागते पान उलटतांना.

फरक आहे तो पुस्तकाच्या घडणींत, आणि त्याहून अधिक त्यावरील कुलपांत. २००७ सालीं निघालेल्या किंडलवर ॲमेझॉन कंपनी आपल्या स्वतःच्या पद्धतीच्या फाईली पुरवते. कोबो व इतर अनेक विक्रेते ‘ईपब’ नांवाची खुली पद्धति वापरतात. केवळ पद्धतीचाच भेद असता, तर तो सहज मिटला असता. कोविद गोयल यांनीं २००६ सालीं आरंभिलेली ‘कॅलिबर’ ही विनामूल्य संगणकप्रणाली एका पद्धतीचें पुस्तक दुसऱ्या पद्धतींत उतरवून देते. परंतु ज्या पुस्तकावर ‘डीआरएम’चें कुलूप असतें, त्याची किल्ली विक्रेत्याच्याच हातीं राहते. तें पुस्तक त्याच्या घरीं उघडतें, शेजाऱ्याच्या घरीं उघडत नाहीं.

या किल्लीचें सामर्थ्य किती, हें जुलै २००९ मध्यें जगानें पाहिलें. विक्रेत्यास हक्क नव्हता असें आढळल्यावरून ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले, पुढें कंपनीच्या प्रमुखांनीं क्षमाही मागितली. पण एका शाळकरी विद्यार्थ्यानें त्या प्रतीवर केलेलीं टिपणें निरर्थक होऊन बसलीं. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान बंद केलें, तेव्हां विकलेलीं पुस्तकेंही मिटलीं. किंमत परत करण्यांत आली, आणि ज्यांनीं पुस्तकांत टिपणें केलीं होतीं त्यांना आणखी २५ डॉलर मिळाले. पुस्तकाची किंमत ठरलेली असते. परंतु टिपणांची किंमत कोणत्या हिशेबानें ठरवावी?

हा प्रश्न मी कोरड्या कुतूहलानें विचारीत नाहीं. आमचे नाना अखेरच्या तीन वर्षांत त्या जुन्या यंत्रावरच वाचीत. दृष्टि मंदावली होती. अक्षर मोठें करतां येई, याचेंच त्यांना अप्रूप. वाचतां वाचतां ते ओळींवर खुणा करीत, क्वचित् दोन शब्द लिहीत. तीं टिपणें मला निराळीं उतरवून घेतां आलीं, पण पुस्तकें मागेंच राहिलीं. एके ठिकाणीं नानांनीं लिहिलें आहे, ‘येथें माझा विरोध.’ नव्या यंत्रावर तो विरोध आहे; तो कशाला, तें मात्र नाहीं.

म्हणून आपणांस माझें तीन गोष्टींचें सांगणें आहे. पुस्तक घेण्यापूर्वीं तें बिनकुलपाचें मिळतें कीं काय, हें आधीं पाहावें. कांहीं प्रकाशक तसें विकतात. बिनकुलपाच्या पुस्तकाची एक प्रत आपल्या संगणकावर ठेवावी. आणि टिपणें वर्षांतून एकदां तरी, ज्या ओळींवर तीं केलीं त्या ओळींसह, निराळीं लिहून ठेवावींत. जुन्या ग्रंथांच्या बाबतींत ही अडचणच नाहीं. आपल्या कायद्यानें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं ग्रंथ सर्वांचा होतो. हरि नारायण आपटे १९१९ सालीं निवर्तले. त्यांच्या कादंबऱ्या आज कोणाच्याही यंत्रावर सुखानें नांदूं शकतात.

नवें यंत्र उत्तम आहे. त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. मात्र जुनें मीं टाकलें नाहीं. तें नानांच्या मेजावर, विजेच्या तारेला जोडलेलें असतें. कधीं सायंकाळीं मी तें उघडतों, नानांचा विरोध कशाला होता तें वाचतों, आणि बहुधा त्यांच्याशीं सहमत होतों.