जंगलाची मोजदाद



२००६ साली वनहक्क कायदा झाला आणि पुढे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. हक्कासोबत जंगल सांभाळण्याची जबाबदारीही ग्रामसभेकडे आली. बांबू किती तोडायचा, चराई कुठे थांबवायची, रोपं कुठे लावायची हे ठरवायचं, तर जंगलात काय आणि किती आहे ते आधी कळायला हवं. वनखात्यालाही कार्य आयोजना करताना हेच पाहावं लागतं. ही मोजदाद कशी होते आणि ती चोख का हवी, हे आज सांगायचं आहे.

उपग्रहाचं चित्र हाताशी असताना पायी कशाला फिरायचं, असं कुणी विचारेल. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाचा वन अहवाल काढते. एक हेक्टर वा त्याहून मोठ्या जागेवर झाडांचं छत्र किमान १० टक्के असलं, की ती जागा त्यात वनाच्छादन म्हणून धरली जाते. त्यामुळे कोकणातली आंब्याची बाग आणि शेजारची देवराई, दोन्ही त्यात बसू शकतात. हिरवं कुठे आहे ते चित्रात दिसतं. झाडाखाली नवी रोपं उगवताहेत का, ते वाकूनच पाहावं लागतं. म्हणून ही संस्थाही चित्रांच्या जोडीला जमिनीवर झाडं मोजते.

मोजणी सुरू होते ती कागदावर. पहिला प्रश्न हेतूचा. बांबूचा अंदाज हवा, इमारती लाकडाचा, की झाडांत साठलेल्या कार्बनचा? त्याप्रमाणे नोंदी बदलतात, ऋतूही बदलतो. गवतं आणि फुलोरे ओळखायचे तर पाऊस सरता सरता जावं. चैत्रात त्यातल्या कित्येकांचा मागमूस नसतो.

सगळं जंगल मोजणं शक्य नसतं, म्हणून नमुने घेतात. शितावरून भाताची परीक्षा करायची खरी, पण शितं कुठून उचलायची ते आधी ठरवावं लागतं. नकाशावर सागाचं, मिश्र, बांबूचं, विरळ असे जंगलाचे विभाग पाडतात आणि त्यांवर ठरावीक अंतराने बिंदू टाकतात. ५०० हेक्टरांच्या जंगलात ०.१ हेक्टरचे ५० तुकडे मोजले, तर एक टक्का जंगल पाहून होतं. जंगलात सरमिसळ जितकी जास्त, तितके तुकडे वाढवावे लागतात.

आता प्रत्यक्ष जागेवर चला. जीपीएसने बिंदू गाठला की खुंटी ठोकायची. तिथून होकायंत्र लावून ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य अशा चारी दिशांना २२.३६ मीटर टेप नेली, की चार कोपरे मिळतात आणि ३१.६२ मीटर बाजूचा चौरस आखून होतो. हे अंतर सपाटीतलं धरायचं. ३० अंशांच्या चढावर तेवढ्यासाठी जमिनीलगत सुमारे २५.८ मीटर टेप सोडावी लागते. हे विसरलं तर चौरस लहान पडतो आणि हेक्टरी झाडं कमी भरतात.

घेर मोजायचा तो जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरायची. त्याखालीच खोड दुभंगलं असेल तर दोन झाडं लिहायची. मोजणारा हाक देतो, "ऐन, ८४." लिहिणारा ते मोठ्याने परत म्हणतो, मग खडूची खूण होते आणि पुढचं झाड. झुडपं आणि रोपटी ३ बाय ३ मीटरच्या, तर गवत १ बाय १ मीटरच्या चौकटीत मोजतात.

नावाच्या बाबतीत गावातल्या जाणत्यांना सोबत घ्यावं. साल खरवडून, पान चुरगळून ते झाड ओळखतात. तरी शंका उरलीच, तर फुला-फळासकट डहाळी वर्तमानपत्रात दाबून न्यावी आणि तज्ज्ञांना दाखवावी. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे. तोवर वहीत "अनोळखी" असं लिहिणं चुकीच्या नावापेक्षा केव्हाही बरं.

खरा कस लागतो तो वेगळ्याच ठिकाणी. बिंदू कधी करवंदीच्या जाळीत पडतो, कधी घळीत. थोडं पलीकडे मोकळी, सपाट जागा दिसत असते आणि तिथे सरकावंसं वाटतं. पण असं दहा ठिकाणी झालं की जाळ्या आणि घळी नोंदीतून नाहीशा होतात आणि वहीत उरतं ते चालायला सोयीचं जंगल. जागा खरोखरच गाठता येत नसेल तर कारण लिहावं आणि आधी ठरलेल्या नियमानेच दुसरी घ्यावी. काही चौरस दुसऱ्या पथकाकडून पुन्हा मोजून घ्यावेत.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते मोहाच्या झाडावरून समजेल. कित्येक ठिकाणी जाड घेराचे मोह दिमाखात उभे असतात. घेराप्रमाणे तक्ता मांडला की मात्र लहान घेरांचे रकाने रिकामे दिसतात. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि त्यात रोपंही जळतात. नुसत्या डोळ्यांना भरलेलं दिसणारं रान तक्त्यात म्हातारं निघतं. हे वेळेवर कळलं तर आग थांबवता येते, झाडाखाली जाळी बांधून फुलं गोळा करता येतात आणि रोपं जगवता येतात.

म्हणून ग्रामसभांना आणि वनाधिकाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. मोजणीचे आकडे गावासमोर वाचून दाखवा, त्यांवर चर्चा होऊ द्या. प्रत्येक खुंटीची जागा नोंदवून ठेवा आणि पाच वर्षांनी तेच चौरस, त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. आपण घेतलेले निर्णय जंगलाला मानवले की नाही, हे तेव्हाच ठामपणे सांगता येईल.