गोधडीचे टाके आणि घराची भाषा

(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



नोकरी-व्यवसायासाठी परप्रांतात निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात भांडीकुंडी, देव्हारा आणि पुस्तके यांच्या जोडीला एक गोधडी हमखास असे. बाजारात तिला कोणी किंमत दिली नसती. घरात मात्र तिच्यावरच्या प्रत्येक तुकड्याचा मालक ठाऊक असे: हा आजीच्या लुगड्याचा काठ, हे आजोबांचे धोतर, हा आत्याच्या लग्नातल्या पातळाचा पदर. ज्या घरातील माणसे दूर गावी राहिली, त्या घराची माहिती मुलांना आधी या तुकड्यांतून होई आणि मग पत्रांतून.

गोधडी ही गरजेपोटी जन्मलेली वस्तू आहे. पण गरजेने तिला हिशेबही शिकवला. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या, की दोन मीटरहून किंचित अधिक लांबीचे, चार पदरी पांघरूण तयार होते. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याइतकी, म्हणजे एका माणसाला पुरेल एवढी. एका लुगड्यात एका माणसाची ऊब, हे कोष्टक कोणत्याही पुस्तकात छापलेले नव्हते. तरी निरक्षर आजीलाही ते पाठ होते. आता टाक्यांचा हिशेब पाहावा. सव्वा मीटरपेक्षा थोड्या कमी रुंदीवर दोन-दोन सेंटीमीटरच्या अंतराने धावदोरा घातला, तर सुमारे साठ ओळी होतात. दोन मीटर लांबीच्या साठ ओळी म्हणजे एकशेवीस मीटर शिवण. सेंटीमीटरला एक टाका धरला तरी बारा हजार टाके झाले. दुपारची झाकपाक उरकल्यावर मिळालेल्या तास-दीड तासात हे बारा हजार टाके पडत.

त्यामागे शास्त्रही होते. नव्या कापडाची खळ अंगाला टोचते. वर्षानुवर्षे धुतलेले सुती कापड मऊ पडते आणि घाम टिपते. म्हणून तान्ह्या बाळाच्या दुपट्याला जुनेच लुगडे लागे. थर जमिनीवर सुरकुती न ठेवता पसरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, आधी लांब कच्चे टाके घालून थर पक्के करायचे आणि मगच शिवायला घ्यायचे. ऊब खरी राहते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. टाके फार विरळ पडले तर थर सरकून गोळा होतात. फार दाट पडले तर हवेला जागा उरत नाही. किती घट्ट ओढावे आणि किती सैल सोडावे, हे सांगून समजत नाही. ते बोटांनाच कळावे लागते.

हे ज्ञान एकट्या महाराष्ट्राचे नाही. दक्षिण महाराष्ट्रात जिला वाकळ म्हणतात, तिलाच सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात कौदी म्हणतात. बंगालच्या कांथ्यात जुन्या साड्यांच्या काठांतून ओढून काढलेले रंगीत धागे भरतकामाला वापरले जात. बिहारमध्ये नवजात बाळासाठी जुन्या साड्यांची सुजनी शिवली जाई. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कडेकडून मध्याकडे शिवत जातात आणि कोपऱ्यांवर घडीची छोटी फुले लावल्याखेरीज गोधडी पूर्ण झाली असे मानत नाहीत. परप्रांतातील मराठी गृहिणीला शेजारणीची भाषा उमगायला वर्ष लागले असेल. शेजारणीची शिवण तिला पहिल्याच दिवशी उमगली असेल.

घरच्या शिवणातली सर्वांत नाजूक भेट म्हणजे बाळंतविडा. झबली, टोपडी, लाळेरी, दुपटी आणि कुंची. झबल्याला गुंडीऐवजी बंद, कारण गुंडी कोवळ्या अंगाला रुतते. शिवणही अशी, की तिची कड बाळाच्या कातडीला लागू नये. दुकानातील भेट देणाऱ्याची ऐपत सांगते. ही भेट घेणाऱ्याचा विचार सांगते. बाजाराच्या पिशवीचेही तेच. तिचा बंद जिथे जोडायचा, तिथे चौकोनी शिवण घालून आत तिरपी फुली मारली, तरच पाच किलो धान्याचे वजन पेलते. भार कुठे येणार हे आधी ओळखणे आणि तिथे दुहेरी टाका घालणे, एवढाच त्यातला धडा. पण तो पिशवीपुरता नाही.

मराठी शाळेच्या व्यासपीठावर हा विषय यावा याला आणखी एक कारण आहे. धावदोरा, उलटी टीप, काज, मगजी, गोट, चुणी, ठिगळ, रफू, उसवणे, ओवणे: हे शब्द कोशात सुरक्षित आहेत, पण मुलांच्या तोंडून नाहीसे होत आहेत. पदरमोड कशाला म्हणतात हे पदराला गाठ मारून ठेवलेले पैसे पाहिल्याखेरीज पुरते कळत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण अंथरूण स्वतः मापून शिवणाऱ्यांच्या घरातच रुजते. आईबापांना वाटते, भाषा पुस्तकांनी टिकेल. पुस्तके हवीतच, परंतु परप्रांतात घरातली वस्तू गेली, की तिच्या मागोमाग तिचे शब्दही जातात, कारण रस्त्यावर ते कोणी उच्चारत नाही.

इथे एक कबुलीही आवश्यक आहे. या बारा हजार टाक्यांचे कौतुक करताना ते कोणाच्या झोपेतून आणि डोळ्यांतून आले, हे विसरता कामा नये. सुई हे पुष्कळ घरांत स्त्रीवर लादलेले काम होते. तीच सुई स्त्रीच्या हाती स्वतःची मिळकतही देऊ शकते, हे रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने शिवणवर्गांतून दाखवले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला, तो मुलगे आणि मुली दोघांसाठी. तो धडा अर्धाच गिरवला गेला. गुंडी तुटली की आईला हाक मारणारा मुलगा कितीही गुण मिळवो, त्याचे शिक्षण तेवढ्यापुरते अपुरेच आहे.

बाजारात आज पांघरूण स्वस्त मिळते आणि ते घेण्यात काही गैर नाही. प्रत्येक घराने गोधडी शिवावी, असा आग्रहही कोणी धरू नये. मात्र शाळेने आठवड्याचा एक तास द्यावा, पालकांनी घरातील एक जुने वस्त्र द्यावे आणि माजी विद्यार्थ्यांनी आपल्या आई-आजीला एका दुपारी शाळेत आणावे. प्रत्येक मुलामुलीने कोणा एकासाठी एक वस्तू शिवावी: आजोबांच्या चष्म्याचे घर, धाकट्या बहिणीचे लाळेरे, नाहीतर भाजीची पिशवी. टाके वाकडे पडतील. पडू द्यावेत, पुढची ओळ अधिक सरळ येते. शिवताना प्रत्येक टाक्याचे नाव मराठीत घ्यावे, एवढेच पाहावे.

साठ वर्षांपूर्वी परक्या गावात ही शाळा उभी राहिली, तीही कोणी जागा, कोणी वर्गणी, कोणी आपली संध्याकाळ दिली म्हणून. त्या तुकड्यांचे मालक आज ठाऊक आहेत. ते पुढच्या पिढीलाही ठाऊक राहावेत, ही जबाबदारी आता उपस्थितांची आहे.