मुलांच्या शालेय नोंदी आणि दुसरे शील

(धर्माबाद येथील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांसमोर नतमस्तक होऊन मी विषयाकडे वळतो. शाळेतून मुलांची माहिती बाहेर फुटली तर पालकांनी काय करावे, हा विषय मला देण्यात आला आहे. विहारात बसून संगणकाच्या गोष्टी कशाला, असे समोर बसलेल्या आजीबाईंना वाटत असेल. त्यांनी थोडा धीर धरावा. शेवटी त्यांच्या अंगठ्याचीही गोष्ट येणार आहे.

सातारच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि ते रजिस्टर तिने जपून ठेवले आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, तो याच नोंदीमुळे. शाळेतली एक ओळ सव्वाशे वर्षे टिकते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला शिवू दिले नाही, त्यांच्यासाठी ती ओळ म्हणजे केवढे धन! आपले निम्मे लढे कागदावर नाव लागावे म्हणूनच झाले. धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. तेव्हापासून टी.सी.वरची, जात-प्रमाणपत्रावरची एकेक ओळ आपण डोळ्यात तेल घालून तपासत आलो.

पूर्वी ते रजिस्टर शाळेच्या कपाटात असे. पाहायचे तर शाळेत जावे लागे, गुरुजींना कारण सांगावे लागे. आता तसे नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात 'सरल' आली, केंद्राचे यू-डायस आहे, अलीकडे 'अपार' क्रमांक आला. मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, बापाचे उत्पन्न, आईचा मोबाईल, बँकेचे खाते हे सगळे कुठे ना कुठे संगणकात भरले जाते. शिक्षक आधारसाठी इतका तगादा का लावतात, असे पालक विचारतात. त्याचे कारण सांगतो. शाळेत किती शिक्षक मंजूर होणार, ती संचमान्यता आधार जुळलेल्या पटावर ठरू लागली. मुलाचे आधार जुळले नाही तर गुरुजींची जागा धोक्यात येते. तेव्हा गुरुजींवर रागावून उपयोग नाही, तेही त्याच गाड्याला जुंपलेले आहेत.

दुसऱ्यांच्या चुका सांगण्याआधी माझी स्वतःची सांगतो. मी शाळेत नोकरी केली आणि शिष्यवृत्तीचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. एका वर्षी मुदत संपत आली होती. खाते क्रमांक चुकले की पैसे परत जातात, म्हणून मी संपूर्ण यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि खाली लिहिले, 'आपापली माहिती तपासावी.' नाव, आधार, खाते, मोबाईल, आणि शेवटच्या रकान्यात जात. माझ्या मनात सेवाभावच होता. दुसऱ्या दिवशी एक बाई शाळेत आल्या. शेतात मजुरीला जाणाऱ्या बाई, रोजंदारी बुडवून आल्या होत्या. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाल्या, "सर, माझ्या लेकरानं वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या यादीनं सांगितलं."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी यादी पुसली. पण ज्यांनी ती आपल्या मोबाईलमध्ये उतरवून घेतली, त्यांच्याकडून कशी पुसणार?

इथे आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, आपण तर छाती काढून जयभीम म्हणतो, मग लपवायचे काय? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः गाडीवर निळा झेंडा लावणारा माणूस आहे. पण मी माझ्या तोंडाने जयभीम म्हणतो तो माझा अभिमान, आणि दुसऱ्याने माझ्या लेकीची जात भिंतीवर डकवणे हा त्याचा अधिकार नाही. ती कधी सांगेल, कोणाला सांगेल, हे ती ठरवील. आपली मुले उद्या लातूरला क्लाससाठी, पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी, हैदराबादला नोकरीसाठी जातात. तिथे भाड्याची खोली शोधताना घरमालक आडनाव विचारतो ते कशासाठी, हे मी या सभेला समजावून सांगायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. त्या बाईंनी तो निकाल वाचला नव्हता, पण मुद्दा तोच मांडला होता.

माझी चूक एका गटापुरती होती. मोठ्या चुका मोठ्या घरच्या असतात. एप्रिल २०२३ मध्ये लोकसेवा आयोगाच्या अराजपत्रित गट ब व क संयुक्त पूर्व परीक्षेची ९४,१९५ प्रवेशपत्रे टेलिग्रामच्या एका वाहिनीवर टाकली गेली. ३० तारखेला परीक्षा, आणि आठवडाभर आधी हा प्रकार. प्रश्नपत्रिका सुरक्षित आहे असे आयोगाने जाहीर केले. पुढे पोलिसांनी एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला अटक केली. त्याच वर्षी जानेवारीत 'दीक्षा' या शासकीय शैक्षणिक ॲपची बातमी आली होती. दहा लाखांवर शिक्षकांची नावे, फोन नंबर, ईमेल आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती वर्षाहून अधिक काळ उघड्यावर पडली होती. तिथे कुलूप फोडायची गरजच पडली नाही, कारण कुलूप लावलेलेच नव्हते. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल नावाच्या कंपनीतून कोट्यवधी मुलांच्या नोंदी गेल्या, त्या चोरलेल्या एका पासवर्डच्या आधारे. कंपनीने खंडणी भरली, माहिती नष्ट केल्याची चित्रफीतही चोराने दाखवली. पुढच्या मे महिन्यात शाळांना धमक्या सुरू झाल्याच. शहाण्यासुरत्या कंपनीने चोराच्या शब्दावर विश्वास ठेवावा, याचे मला अजून नवल वाटते.

आणि चोरीच्या माहितीचे करतात काय? अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची शिष्यवृत्ती घ्या, तिच्यात बौद्ध मुलेही येतात. २०२० साली झारखंडमध्ये उघड झाले की दलाल गरीब पालकांचे आधार, अंगठा, पासबुक घेऊन मुलांच्या नावाने पैसे उचलत होते. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० बोगस निघाल्या, १४४ कोटींवर रक्कम गेली, प्रकरण सी.बी.आय.कडे दिले गेले. आपल्या शेजारच्या तेलंगणातही, पेद्दापल्ली जिल्ह्यात, २०१८ साली एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांवरून लोकांच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि हजारो सिमकार्डे चालू केली. पासवर्ड बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणणार?

आपण रोज पंचशील घेतो. दुसऱ्या शिलाला चोरी न करणे असा अर्थ आपण सरधोपट लावतो. मूळ शब्द अदिन्नादान आहे, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. मी शिष्यवृत्तीसाठी खाते क्रमांक दिला, तो शिष्यवृत्तीसाठीच दिला. तो क्लासवाल्याला, विमा एजंटाला, कर्ज देणाऱ्या ॲपला मी दिलेला नाही. त्यांनी घेतला तर ते अदिन्नादान, आणि ज्याच्या हातून निसटला तोही भागीदार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा हाच आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरावी, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी, माहिती फुटली तर संबंधितांना कळवावे. सुरक्षिततेत कसूर केल्यास दंड २५० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यांतच अठरा महिन्यांची मुदत दिली. सरकारी कामाला मुदती फार, हे आपण जाणतोच.

तेव्हा माहिती फुटल्याचे कळले तर आपण काय करायचे? प्रथम मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. काय बाहेर गेले, कधी गेले, कोणाकडे गेले, हे विचारा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. यादी पाहण्यासाठी सुद्धा ती पुढे पाठवू नका. पुढच्या काही दिवसांत फोन येईल, "तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती मंजूर झाली, आलेला नंबर सांगा." तो माणूस मुलाचे नाव, शाळा, वर्ग बरोबर सांगेल, म्हणूनच आपण फसतो. बरोबर माहिती सांगतो म्हणून तो खरा, असे मुळीच नाही. ओटीपी कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम मिळण्याची आशा कमी. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते 'संचार साथी'वर पाहता येते.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहा, 'फक्त अमुक शिष्यवृत्तीसाठी' आणि तारीख घाला. आधारची शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत मिळते, जिथे चालत असेल तिथे तीच द्या. सेवा केंद्रातल्या संगणकावर आपली फाईल राहिली असेल तर समोर उभे राहून पुसायला लावा. आणि शिक्षक मित्रांना हात जोडून विनंती आहे, प्रत्येक पालकाला त्याचीच ओळ दाखवा. वेळ जातो, मला ठाऊक आहे.

आता आजीबाईंची गोष्ट. आधारवरील अंगठ्याला कुलूप लावता येते, त्याला पैसे पडत नाहीत. पण कुलूप लावले की रेशन दुकानातही अंगठा उमटणार नाही, आणि ज्या आया-बहिणी अंगठ्यावर पगार उचलतात त्यांचाही अडेल. तेव्हा घरातल्या कोणाला तरी ते उघडता-लावता येत असेल तरच लावा. माझ्या घरी माझ्या आईचे मी लावलेले नाही. तिचे रेशन अडले असते तर तिने मला घरात घेतले नसते.

सभा संपल्यावर ओसरीत दोन मुले मोबाईल घेऊन बसणार आहेत. आधार कार्ड आणि आधारला जोडलेला फोन सोबत असेल त्यांनी त्यांच्याकडे जावे. फोन जोडलेला नसेल तर ते काम इथे होणार नाही, आधार केंद्रावरच जावे लागेल. आपले आकडे मुलांच्या वहीत लिहून देऊ नका, तीही लिहून घेणार नाहीत, तसे मी त्यांना बजावले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!