पाचवा फर्मा

‘कवितांची पुस्तकं काढता, तीसुद्धा परभाषेतल्या कवितांची? मग चालतं कसं?’ हा प्रश्न मला आजवर लग्नकार्यात, एसटीच्या रांगेत, इतकंच काय, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही विचारला गेला आहे. खरं उत्तर असं, की चालत नाही; चालवावं लागतं. दिवसा बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी प्रूफं वाचली. पुढच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे आणि मागच्या खोलीत संसार, असं आमचं सांगलीतलं प्रकाशन. गठ्ठ्यांवर चादर घातली की पाहुण्यांना बसायला दिवाण तयार होतो, ही आमच्या सौ.ने काढलेली युक्ती.

असा उद्योग करणारा मी काही पहिला नव्हे. १९१७ साली लंडनजवळ रिचमंडला व्हर्जिनिया आणि लिओनार्ड वुल्फ या जोडप्याने एक हातयंत्र विकत घेतलं आणि ते राहत्या घरातल्या जेवणाच्या खोलीत मांडलं. त्यातून ‘हॉगर्थ प्रेस’ उभी राहिली. टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ त्यांनी १९२३ साली छापली, तेव्हा तिचे खिळे व्हर्जिनियाबाईंनी स्वतः जुळवले होते. आपल्याकडे १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. १९७६ साली मुंबईत आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाऊस’ काढून आपलीच पुस्तकं छापली. त्यांत ‘जेजुरी’ होतं. पुढे अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने कोलटकरांचे संग्रह किती निगुतीने काढले, ते वाचकांना ठाऊक आहेच. या मंडळींच्या पंक्तीत बसण्याची माझी योग्यता नाही. पण पंगत कुठली, एवढं सांगायला हवं.

आज मी एका पुस्तकाची आणि त्यातल्या माझ्या चुकीची गोष्ट सांगणार आहे. कवी होता कॉन्स्टन्टाइन कवाफी. जन्म १८६३, मृत्यू १९३३, भाषा ग्रीक, मुक्काम इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. पोटासाठी त्याने जवळजवळ तीस वर्षं तिथल्या पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. विसाव्या शतकातल्या मोठ्या कवींत गणला जाणारा हा माणूस स्वतःचा प्रकाशकही होता. तो सुट्या कागदांवर कविता छापून घेई, टाचून त्यांचे संच करी आणि मोजक्या लोकांना देई. कोणाला काय दिलं, याच्या याद्याही ठेवी. छापून झाल्यावर चूक दिसली, शब्द बदलावासा वाटला, की त्या कागदावर स्वतःच्या हाताने दुरुस्ती करी. विक्रीला म्हणून काढलेलं एकही पुस्तक त्याच्या हयातीत निघालं नाही. समग्र संग्रह निघाला तो मरणानंतर, १९३५ साली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ई. एम. फॉर्स्टर रेडक्रॉसच्या कामासाठी अलेक्झांड्रियात होता. त्याची आणि कवाफीची गाठ पडली आणि त्याच्यामुळे इंग्रजी वाचकांना हा कवी कळला. १९५१ साली जॉन माव्रोगोर्दातो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला, तो ‘हॉगर्थ प्रेस’कडूनच.

माझे कॉलेजातले इंग्रजीचे सर निवृत्त झाल्यावर शब्दकोश आणि व्याकरण घेऊन ग्रीक शिकले. साठी उलटल्यावर! कवीने स्वतः मान्य केलेल्या १५४ कवितांपैकी चाळीस त्यांनी मराठीत आणल्या. मूळ ग्रीक समोर ठेवून आणि शेजारी इंग्रजी अनुवाद ठेवून. २००४ साली मी त्या पुस्तकरूपाने काढल्या. सोळा पानांचा एक, असे सहा फर्मे. एकूण शहाण्णव पानं. छापल्या तीनशे प्रती, पण बांधल्या दीडशेच. आम्हा छोट्या प्रकाशकांची ही जुनी रीत आहे. निम्मे फर्मे कच्चे, म्हणजे न बांधता, बाइंडरकडे पडून असतात. पहिल्या प्रती खपल्या की बाइंडिंगचे पैसे सुटतात आणि मग पुढच्या बांधायच्या.

शंभरेक प्रती गेल्या असतील, तेव्हा एका तालुक्याच्या गावाहून पत्र आलं. अक्षर नीट, वय बहुधा विशी-पंचविशीतलं. लिहिलं होतं, ‘या कवीविषयी मी इंग्रजीत थोडं वाचलं होतं. तो माझ्यासारखा होता, हे मला माहीत होतं. मराठीत त्याची भेट होईल म्हणून पुस्तक मागवलं. पान ७१ वरची ‘ती’ कोण आहे, हे कृपया कळवावं.’

कवाफीच्या प्रेमकविता पुरुषाने पुरुषावर केलेल्या प्रेमाच्या आहेत. हे गुपित नाही. त्याच्यावरच्या कुठल्याही पुस्तकात ते सापडतं. आणि मलाही ते ठाऊक होतं. सरांचं हस्तलिखित वाचतानाच ती ‘ती’ मला खटकली होती. तरी मी पेन्सिल उचलली नाही. मनात दोन हिशेब होते. एक, सर वयोवृद्ध, त्यांना कसं विचारायचं? दुसरा हिशेब जास्त खरा. पुस्तक शासनमान्य यादीत लागलं तर ग्रंथालयं घेतात. उगाच वाद कशाला? ‘ती’ने कोणाचंच काही बिघडत नव्हतं, अशी मी समजूत करून घेतली. ते पत्र आल्यावर कळलं, की एकाचं बिघडलं होतं.

पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो आणि तिसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. पत्र वाचून दाखवलं. सर बराच वेळ बोलले नाहीत.

‘सर, ग्रीकमध्ये तिथे काय आहे?’

‘काहीच नाही,’ सर म्हणाले. ‘म्हणजे तो नाही आणि तीही नाही. ग्रीक क्रियापद कर्त्याचं लिंग सांगत नाही आणि सर्वनाम घालायची सक्ती नाही. कवीने ती जागा मोकळी ठेवली आहे.’

‘मग ‘ती’ कुठून आली?’

‘मराठीतून आली. ‘आला’ म्हण, नाहीतर ‘आली’ म्हण. आपलं क्रियापद दारातच विचारतं, कोण आहे म्हणून. मी सोपं होतं ते उत्तर दिलं.’ मग चष्मा काढून म्हणाले, ‘आणि अरे, तू ते चालवून घेतलंस.’

त्यांनी टेबलाचा खण उघडून दोन कागद काढले. त्यांवर आणखी दोन कविता होत्या. पूर्ण झालेल्या, स्वच्छ अक्षरात उतरवलेल्या. त्यांत मुळातच उघडउघड ‘तो’ होता, म्हणून त्या सरांनी मला दिल्याच नव्हत्या.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी बसलो. काम वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. ‘ती’च्या जागी ‘तो’ घालून भागत नव्हतं, कारण तोही खोटेपणाच झाला असता. मुळात जे मोकळं होतं, ते मराठीतही मोकळं ठेवायचं होतं. मग लक्षात आलं, की आपल्या भाषेतही वाटा आहेत. ‘येई’, ‘बसे’, ‘हसे’ ही जुनी रूपं कर्ता पुरुष की स्त्री, हे सांगत नाहीत. ‘येईल’ही सांगत नाही. ‘हात हातात घेतला’ म्हटलं, की क्रियापद हाताप्रमाणे चालतं. घेणारं माणूस कोण, ते झाकलेलं राहतं. पण ‘येई’ म्हटलं की रोजचा परिपाठ होतो आणि कवितेत तर एकाच रात्रीची आठवण असते. अशा ठिकाणी अख्खी ओळ मोडून नव्याने बांधावी लागे. एका ओळीसाठी आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. सर म्हणाले, ‘पहिल्या खेपेला मी हे कष्ट टाळले होते, बघ.’

सुदैवाने त्या सगळ्या कविता पाचव्या फर्म्यात होत्या. मोकळ्या जागा आवळून राहिलेल्या दोन कविताही त्यातच बसवल्या. फर्मा नव्याने छापायचा म्हणजे प्लेट, कागद, छपाई असा सगळा खर्च पुन्हा. तो सौ.च्या भिशीतून भागला. ‘चूक तुमची आणि पैसे माझे,’ ती म्हणाली आणि पैसे मोजून दिले. बाइंडरकडचे कच्चे फर्मे होते, त्यांतला पाचवा काढून नवा घातला. विकल्या गेलेल्या प्रतींपैकी ज्यांचे पत्ते होते, त्यांना सुटा फर्मा टाचून पोस्टाने पाठवला. सोबत चिठ्ठी: ‘आधीच्या पाठात भाषांतराची चूक नव्हती, धैर्याची होती. ही पानं तिथे लावून घ्यावीत.’ पाकिटांवर पत्ते लिहिताना मला तो अलेक्झांड्रियातला कारकून आठवत होता. त्यानेही असेच सुटे कागद यादीबरहुकूम पाठवले होते.

दोन वाचकांनी फर्मा परत केला. एकाने खरमरीत पत्र लिहिलं. पुस्तक यादीत लागलं नाही. पण कवितेची पुस्तकं यादीत लागली नाहीत, तर त्याचं कारण शोधत बसू नये. त्या काळी कलम ३७७ पूर्णपणे लागू होतं. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले संबंध त्यातून वगळले, ते पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी. पण पत्र लिहिणारा मुलगा २००४ सालात, तालुक्याच्या गावात राहत होता आणि त्याला उत्तर तेव्हाच हवं होतं.

कवितेच्या धंद्यात भांडवल म्हणजे काय, हे मला त्या पाचव्या फर्म्याने शिकवलं. कादंबरीचा अनुवाद चुकला तर गोष्ट तरी कळते. कवितेच्या अनुवादात वाचकाच्या हाती फक्त आमचा शब्द असतो. त्याला ग्रीक येत नाही, तो मूळ ताडून पाहू शकत नाही. डोळे मिटून तो आमच्याकडे पैसे आणि त्याहून मोठं काहीतरी देतो. म्हणून तेव्हापासून आमच्या प्रत्येक पुस्तकात एक पान असतं. अनुवाद कुठल्या भाषेतून केला, मध्ये कोणत्या भाषेची मदत घेतली, कोणी तपासला आणि काय जमलं नाही, हे सगळं त्यावर सांगितलेलं असतं. काही मित्र म्हणतात, आपल्याच मालाची उणीव छापणारा दुकानदार तू एकटाच. असेन.

सर पुढे दोन वर्षांनी गेले. त्यांच्या टेबलावर जी प्रत होती, ती नव्या फर्म्याची होती.

त्या मुलाला मी पहिली दुरुस्त प्रत पाठवली होती. पाच-सहा महिने काहीच उत्तर नव्हतं. मग एक दिवस पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला. रक्कम दोन प्रतींची होती. खालच्या कूपनवर तेव्हा संदेशाची जागा असायची, तिथे एवढंच लिहिलं होतं: ‘दोन प्रती पाठवाव्यात. एकाला द्यायची आहे आणि एक घरी ठेवायची आहे, आईच्या कपाटात.’