गिरणाकाठचें बहाळ

इंग्लंडांत हँपशायर परगण्यांत सेलबर्न नांवाचें एक लहानसें खेडें आहे. गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकानें १७८९ सालीं त्या खेड्याचा निसर्ग आणि तेथील जुने अवशेष यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून तें जगास ठाऊक झालें. आपल्या खेड्यांना असा लेखक क्वचितच लाभला. त्यामुळें खेड्यांना इतिहासच नसतो, अशी आपण शहरवासीयांनीं समजूत करून घेतली आहे. ती किती खोटी आहे हें पाहण्यासाठीं आज आपण खानदेशांतील एका गांवीं जाऊं.

भडगांव हें गिरणेच्या कांठचें तालुक्याचें ठिकाण. तेथून नदीच्या कांठानें उगमाच्या दिशेस गेलें, म्हणजे चाळीसगांव तालुक्यांत बहाळ हें गांव लागतें. वरवर पाहतां तें खानदेशांतील इतर गांवांसारखेंच. परंतु येथें दोन गोष्टी अशा आहेत कीं, ज्यांच्यासाठीं वांकडी वाट करून यावें.

पहिली म्हणजे देवीच्या देवळाचा शिलालेख. तो संस्कृत असून शके ११४४ चा, म्हणजे इ. स. १२२२ चा आहे. तिथि चैत्र शुद्ध प्रतिपदा. आपला वर्षप्रतिपदेचा दिवस! देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी अनंतदेव यानें भवानीचें देऊळ बांधलें, असें त्यांत सांगितलें आहे. लेखाची रचना त्याचा धाकटा भाऊ महेश्वर याची. हा अनंतदेव कोण? ‘सिद्धांतशिरोमणि’कार भास्कराचार्य यांचा भाऊ श्रीपति, श्रीपतीचा मुलगा गणपति आणि गणपतीचा मुलगा अनंतदेव. ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथांतील एका अध्यायावर आणि वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर त्यानें टीका लिहिल्या, असेंही लेख सांगतो. याच तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशीं पाटणें येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा लेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं स्थापन झालेल्या मठास इ. स. १२०७ मध्यें दिलेल्या दानांची नोंद त्यांत असून, तिच्या अखेरच्या ओळी चक्क मराठींत आहेत. एकाच घराण्याच्या दोन शाखांनीं विद्येचीं हीं स्मारकें राजधानींत नव्हे, तर खेड्यांत उभारलीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट मात्र कोणाच्या सहसा नजरेंत भरत नाहीं. आपल्याकडे गांवाचे दोन भाग मानतात: पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या मातीचीं घरें पडत, त्यांवर नवीं उभीं राहत. चुलींची राख आणि फुटकीं खापरें यांची भर पडे. अशा रीतीनें पांढरीचें टेकाड होई. बहाळचें असेंच टेकाड भारतीय पुरातत्त्व खात्यातर्फे म. न. देशपांडे यांनीं १९५२ पासून खणून तपासलें. सर्वांत खालीं करड्या रंगाचीं जाड भांडीं निघालीं. त्यांवरच्या थरांत चाकावर घडविलेलीं, तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेलीं भांडीं मिळालीं. हे लोक दगडाचीं बारीक पातीं वापरीत. लोखंड त्यांना ठाऊक नव्हतें. तें त्याच्याही वरच्या थरांत येतें. म्हणजे अनंतदेवानें देऊळ बांधलें, त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षें आधीं येथें चूल पेटत होती! समोरच्या तीरावर टेकवाडें येथें त्या प्राचीन काळचीं दफनें मिळालीं. त्यांत मृतांचे अवशेष मातीच्या कुंभांत ठेवलेले होते. नदीच्या एका कांठीं संसार आणि दुसऱ्या कांठीं अखेरचा विसांवा, अशी ही जोडी आहे.

शिलालेखांत नांवें आहेत, वंशावळ आहे, तिथि आहे. पांढरींत एकही नांव नाहीं; पण ज्यांचीं नांवें कोणीच कोरलीं नाहींत, त्या कुंभाराचा हात आणि त्या गृहिणीची चूल तेथेंच सांपडते. लेखाला देवळाचा आश्रय मिळाला, म्हणून तो टिकला. पांढरीला कोणाचा आश्रय? भिंतींसाठीं आणि शेतांत टाकण्यासाठीं गांवोगांवची पांढरी गाड्या भरभरून नेण्याचा प्रघात जुना आहे. गेलेली माती एक वेळ भरून काढतां येईल. परंतु थरांचा क्रम एकदां मोडला कीं तो पुन्हां जुळत नाहीं. पुस्तकाचीं पानें फाडून ढीग केला, तर कागद तेवढाच राहतो, कथा मात्र नाहींशी होते.

श्रोतेहो, आपणांपैकीं बहुतेकांचें कोठें तरी एक गांव असेल. पुढच्या खेपेस तेथें जाल, तेव्हां देवाचें दर्शन अवश्य घ्या. पण मग क्षणभर पांढरीच्या कडेशींही उभे राहा. पायाखालीं रंगीत खापर दिसलें, कोठें पाया खणतांना कुंभ लागला, तर तो फोडूं देऊं नका. जागा न हलवितां टिपून ठेवा आणि जाणत्यांना कळवा. आपल्या गांवाला गिल्बर्ट व्हाइट जेव्हां मिळेल तेव्हां मिळो. तोंपर्यंत त्याच्या ग्रंथाचीं पानें जपून ठेवणें आपल्या हातीं आहे.