मूलतत्त्ववाद म्हणजे श्रद्धा नव्हे
(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



‘मूलतत्त्ववादी’ हा शब्द हल्ली शिवीसारखा वापरला जातो. त्यामुळे वारीला जाणारी विडी कामगार स्त्री आणि रोजे धरणारा यंत्रमाग कामगार हेही त्या शिवीचे धनी होतात. पुरोगामी चळवळीने ही गल्लत टाळली पाहिजे.

हा शब्द मूळचा अमेरिकेतला. १९१० ते १९१५ या काळात तेथील सनातनी प्रॉटेस्टंटांनी ‘मूलतत्त्वे’ अशा अर्थाच्या नावाने बारा खंड प्रसिद्ध केले. बायबल चुकूच शकत नाही, हा त्यांचा आग्रह. पुढे १९२५ मध्ये टेनेसी राज्यात उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल एका शिक्षकावर खटला भरला गेला. स्वतःची श्रद्धा पाळून हा आग्रह थांबत नाही, तिला सत्तेचे आणि कायद्याचे बळ हवे असते, हे तेव्हा जगाला दिसले.

‘मुळाकडे चला’ असे मूलतत्त्ववाद सांगतो. परंतु मूळ कोणते, हे ठरविण्याचा मक्ता तो स्वतःकडे ठेवतो. याचा दाखला सोलापूर जिल्ह्यातच आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी. आणि त्यांच्याच जातिबांधवांना मात्र मंदिराची पायरी ओलांडण्यास शतकानुशतके बंदी! मग वारकरी धर्माचे मूळ कोणते? चोखोबांची भक्ती की ती बंदी? १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभिले, ते याच प्रश्नासाठी. त्यांनी विठ्ठल नाकारला नाही. विठ्ठलावरील मक्तेदारी नाकारली. अखेर मंदिर हरिजनांना खुले झाले.

हीच कसोटी प्रत्येक धर्माला लावावी लागेल. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईच्या विधान भवनावर गेल्या. त्या न्याय मागत होत्या. त्यांना धर्मद्रोही ठरविणारे पुरुषी वर्चस्वाचे रक्षण करीत होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहाबानोच्या पोटगीचा हक्क मान्य केला आणि १९८६ मध्ये सरकारने कायदा करून मुल्लामौलवींपुढे मान तुकविली. एका मूलतत्त्ववादापुढे वाकलेली सत्ता दुसऱ्यालाही बळ देते, हा धडा देशाने नंतर भोगला. बहुसंख्याकांचा मूलतत्त्ववाद तर राष्ट्रवादाचा वेश घेऊन येतो, म्हणून तो ओळखणे अधिक कठीण आणि अधिक निकडीचे.

म्हणून कार्यकर्त्याने कामगारवस्तीत ‘देव आहे की नाही’ या वादापासून आरंभ करू नये. धर्माच्या नावाने कोणाचा हक्क हिरावला जातो आणि त्यात कोणाचा लाभ होतो, हे विचारावे. एकाच कारखान्यासाठी विड्या वळणाऱ्या दोन धर्मांच्या स्त्रिया परस्परांकडे संशयाने पाहू लागल्या, की मजुरीचा प्रश्न मागे पडतो आणि मालक निर्धास्त होतो.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे सोलापूरचे चार वीर फासावर गेले. त्यांचे धर्म आणि पंथ निरनिराळे होते. फास एकच होता. त्यांच्या एकजुटीला कोणाच्याही धर्मत्यागाची अट नव्हती. सोलापूरच्या कामगाराला आज सांगायचे आहे ते हेच.