तक्ता छापून द्या, समीकरण मांडू द्या



तीस वर्षं मी इंजिनिअरिंगच्या मुलांना एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर शिकवला. लाप्लास ट्रान्सफॉर्मचा तक्ता त्यांना तोंडपाठ असायचा. तो तक्ता ज्या यंत्रासाठी आहे, ते यंत्र मात्र मी फळ्यावर आणलं नाही. ही माझी चूक होती. आज ते यंत्र आणतो.

मे महिन्यातलं आपलं नागपूर डोळ्यांपुढे आणा. घरोघरी कूलर सुरू होतात, विजेची मागणी चढते. शेजारी कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. ५० हर्ट्झला त्यांचे रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेतात. मागणी वाढली की पहिल्या क्षणी ती ग्रिडमधल्या साऱ्या रोटरांच्या गतिज ऊर्जेतून भागते आणि रोटर किंचित मंदावतात. वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर ते ओळखून वाफेची झडप उघडतो. पण वाढलेल्या वाफेचा जोर रोटरपर्यंत पोचायला वेळ लागतो.

रोटरचा वेग किती झपाट्याने बदलेल, हे वाफेने दिलेली आणि ग्राहकांनी ओढलेली शक्ती यांच्या फरकावर ठरतं. हे झालं अवकल समीकरण. लाप्लास ट्रान्सफॉर्म त्यातलं अवकलन काढून तिथे s ने गुणाकार ठेवतो. मग रोटर, गव्हर्नर, झडप, टर्बाइन या प्रत्येकाचा एकेक अपूर्णांक होतो आणि सगळी साखळी बीजगणिताने सुटते.

त्या उत्तराच्या छेदाची मुळं बघा. सगळ्यांचा वास्तव भाग ऋण असेल, तर हेलकावे विरतात. गव्हर्नर फार उतावळा आणि वाफ संथ असेल, तर मुळं संमिश्र प्रतलावर उजवीकडे सरकतात. ती काल्पनिक अक्ष ओलांडून गेली की हेलकावे वाढतच जातात. मॅक्सवेलने १८६८ साली गव्हर्नरवरच्या निबंधात हाच प्रश्न हाताळला होता.

आता अंतिम मूल्याचं प्रमेय लावा. मागणी एकदम वाढून तिथेच राहिली, तर s च्या जागी शून्य ठेवताच कळतं की गव्हर्नर वेगाची घसरण थांबवतो, पण वारंवारता पुन्हा ५० वर आणत नाही. त्यासाठी संचांना वेगळी आज्ञा द्यावी लागते. मुलं हे प्रमेय दोन गुणांसाठी पाठ करतात. ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे त्यांना आपण सांगत नाही.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून नागपुरात कूलर लागला की केरळातला रोटरही कणभर मंदावतो. इतक्या मोठ्या यंत्राची जबाबदारी आपण या मुलांच्या हाती देणार आहोत.

म्हणून माझी विनंती एवढीच. तक्ता प्रश्नपत्रिकेवरच छापून द्या. समीकरण मात्र मुलांना स्वतः मांडू द्या आणि आलेल्या मुळाचा अर्थ मराठीत, त्यांच्या शब्दांत लिहायला सांगा. ज्याला तो लिहिता येईल, त्याच्या हाती गव्हर्नर निर्धास्तपणे सोपवता येईल.